दिसणार नाही असं घर

काकू, जरा कुंपणाशी या हो. मोठ्यानं बोलता येत नाही, समोरच्यांच्या कानावर जाईल. त्यांचा धाकटा घर बांधायचं म्हणतोय! इथं पालघरात नाही, मनोर रस्त्याला, वाघोबा खिंडीच्या पलीकडे, डोंगरउतारावर. आणि घर कसं, तर रस्त्यावरून दिसायलाच नको, जंगलात मिसळून गेलं पाहिजे. आमचे हे म्हणाले, मग बांधतोस कशाला, आत्ताही दिसत नाहीच!

काल मोबाईलवर चित्र दाखवत होता. चारी बाजूंनी काच, वर स्लॅबवर गवत. म्हटलं, बाबा रे, काचेत झाडं दिसली की पाखरं येऊन आपटतात. आणि स्लॅबवर गवत? बोईसरला एक चक्कर मार, गच्चीवर पत्रा घातला नाही अशी इमारत शोधून दाखव. आपल्या पावसात साधी गच्ची टिकत नाही, हा तिच्यावर ओली माती चढवणार.

तर मला अमेरिकेतलं ते फॉलिंगवॉटर ऐकवायला लागला. फ्रँक लॉइड राइटनं १९३० च्या दशकात बांधलेलं. मालकाला वाटलेलं घरातून धबधबा समोर दिसेल, यानं घर धबधब्याच्या डोक्यावरच ठेवलं. सुंदरच आहे, नाही कोण म्हणतं? पण आमचा भाचा आर्किटेक्ट ना, त्यानं पुढचं सांगितलं. घर इतकं गळायचं की मालक त्याला सात बादल्यांचं घर म्हणायचा. पुढे काढलेले सज्जे खाली झुकत गेले, ते २००२ साली आतून पोलादी तारा ताणून सावरले. राइटसाहेबांची ही गत, तर आपला कॉन्ट्रॅक्टर काय दिवे लावणार!

मी म्हटलं, जंगलात मिसळलेलं घर बघायचं तर जव्हार-विक्रमगडकडे जा. वारल्यांचं जुनं घर बघ. लाकडी खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गवत नाहीतर कौलं. सगळं जवळच्या रानातलं, मग रंगानं वेगळं दिसेलच कसं? चुलीचा धूर छपरातून बाहेर पडतो, घर काळं होतं, पण लाकडाला कीड कमी लागते. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, आता ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात वारली चित्र. ज्या भिंतीवर ही चित्रं काढायचे तिच्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही.

शिवाय भूकंप! नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धक्क्यांमागून धक्के बसले, धुंदलवाडीकडची माणसं थंडीत तंबूत झोपली, विसरलात? कूड हलका. हलला तरी अंगावर टनभर वीट कोसळत नाही. आता त्यानं शेणानं सारवत बसावं असं नाही म्हणत मी, बायकोच घरात घेणार नाही. पण हलक्या भिंती, उतरतं छप्पर आणि लाकडी खांब, एवढं तरी घ्यावं की नाही?

काकू, खरी भीती त्या जेसीबीची. हे लोक आधी डोंगर कापून सपाटी करतात, मग झाडं गेली म्हणून रोपवाटिकेतून झाडं आणतात. उताराचा पायथा कापला की वरची माती सुटते. मुरायला जागा नाही मिळाली की पाणी भिंतीमागे साठतं आणि भिंतच पुढे ढकलतं. म्हणून दगडी भिंतीला पाणी सुटायला भोकं ठेवायची. त्यापेक्षा घरच दोन-तीन टप्प्यांत उतारावर बसवायचं, झाड आलं तर घरानं बाजूला सरकायचं. रायगडात नांदगावला स्टुडिओ मुंबईच्या आर्किटेक्टांनी २००७ साली असंच झाडांत घर बसवलंय. नारळाच्या बागेत दोन वेगळ्या लाकडी इमारती, भिंतींना ताडाच्या पट्ट्यांच्या झडपा, काचेचा भपका नाही. ताड आपल्याकडे काय कमी आहेत? आणि पश्चिमेला खाली उतरलेली पडवी हवीच, झड तिकडूनच येते. दरवाज्याला मोठी काच लावायची हौस असेल तर पूर्वेला लाव म्हणावं.

पण हे सगळं नंतरचं. सातबारा बघितलास का, विचारलं, तर म्हणतो एजंट बघतोय! अहो, जमीन आदिवासीची असेल तर जमीन महसूल कायद्याचं कलम ३६ अ, कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. शिवाय खाजगी वनाचा शेरा असला की १९७५ चा कायदा आडवा येतो. त्याच्या आईला बिचारीला यातलं काही ठाऊक नाही, ती वास्तुशांतीची साडी बघतेय.

माझं तो ऐकायचा नाही, मी बोललेच खूप. तुमच्या यजमानांचा शब्द तो मानतो. त्यांना सांगा, त्याला म्हणावं, बयाणा द्यायच्या आधी तलाठ्याकडे जाऊन सातबारा आणि फेरफार स्वतः वाच, आणि जुलैत भर पावसात त्या उतारावर उभा राहून पाणी कुठून वाहतं ते बघून ये. आणि हो, माझं नाव मध्ये घेऊ नका हं.