आमचं घर दिसतंय का?

खानापूरच्या माणसाला शहराचा फोटो काढायचा असेल तर आधी शहर शोधावं लागतं. आमच्याकडे आभाळाला हात लावणारे दोघेच, माड आणि मोबाईलचा टॉवर. बाकी कौलं. इथल्या मातीला कौल किंवा मडकं व्हायचं असतं, मजला चढवायची तिला हौस नाही. ते काम आम्ही बेळगाववर सोपवलंय, आणि ते कितपत झालं हे बघायला मी राजहंसगडावर जातो. येळ्ळूरचा गड म्हणतात तोच.

गडावर उत्तरेला तोंड केलं की अख्खं बेळगाव समोर येतं. पण उत्तरेला तोंड करणारा बहुतेक वेळा मी एकटाच. बाकीची मंडळी शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापुढे. या पुतळ्याचं अनावरण २०२३च्या मार्चमध्ये दोनदा झालं. आधी कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, मग तीन दिवसांनी काँग्रेसवाल्यांचं वेगळं. निवडणूक तोंडावर होती, दुसरं काय! दोन-दोन अनावरणं झालेल्या ठिकाणी माझ्या शहराला कोण विचारतो?

तरी ट्रायपॉड उघडला की माणसं जमतात.

"काय वो, तिकडं काय हाय?"

"बेळगाव."

"ते खाली गेल्यावर दिसतंयच की!"

याला उत्तर नाही. मी मुकाट्याने मोठी लेन्स लावतो. पण लेन्स लांबचं जवळ आणते हे कळलं की रांग लागते. "दादा, वडगाव कुठलं? आमचं घर दिसतंय का बघा की जरा." आजवर कुणी शहर कसं दिसतंय असं विचारलेलं नाही. घर सापडेपर्यंत मला सोडत नाहीत, आणि स्क्रीनवर तर नुसत्या काळ्या टाक्या आणि निळे पत्रे. एका मावशींनी मात्र त्यातूनही दिराचं घर बिनचूक ओळखलं. मग चेहरा बदलला. "हा दुसरा मजला कधी चढवला यानं? पोरीच्या लग्नात तर हातात पैसा नाही म्हणत होता!" मावशींचे यजमान एकाएकी सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघून गेले. त्या संध्याकाळी माझा कॅमेरा महसूल खात्याचा झाला होता.

खरी पंचाईत उजव्या कोपऱ्यात आहे. डावीकडे किल्ला तलावाजवळचा ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ. तो बिनतक्रार फोटोत येतो. उजवीकडे मात्र हलगा-बस्तवाडजवळचं कर्नाटक सरकारचं सुवर्ण विधानसौध, २०१२ साली उद्घाटन झालेलं. ऊन उतरताना पश्चिमेचा उजेड त्याच्यावर असा पडतो की हात आपोआप तिकडे वळतो. फोटो ग्रुपवर टाकला की पहिला म्हणतो, "ते पांढरं कापा." दुसरा म्हणतो, "कापलं तर फोटोत उरलं काय?" तिसरा तिथल्या अधिवेशनाविरुद्धच्या मराठी महामेळाव्याची तारीख टाकतो. चौथा कोल्हापूरचा, तो विचारतो, "हे कुठलं पॅलेस?" मग तिघेही मिळून चौथ्यावर तुटून पडतात. सीमाभागात एकी अशी होते.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत मी कॅमेरा थोडा डावीकडे वळवून ठेवतो. कला म्हणून नव्हे, ग्रुपमध्ये राहायचं म्हणून.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाळ्यात जाऊ नका. कणकुंबीकडून ढग आले की गडावर शेजारचा माणूसही दिसत नाही, बेळगाव कुठलं दिसायला! उन्हाळ्यात धुरळा. दिवाळीच्या आसपास, पावसाने हवा धुतलेली असते तेव्हा जा. दुपारी चारनंतर पोचा, म्हणजे तिरक्या उन्हात इमारती एकमेकींपासून सुट्या दिसतात. आणि कुणाला घर शोधून द्यायची वेळ आली, तर मजले मोजू नका.