पाऊणपट काका

परभणीपासून समुद्र चारशेक किलोमीटर. आमच्या गल्लीतल्या पाऊणपट काकांना हे अंतर मंजूर नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा कारकून सकाळी तोंडात ब्रश धरून कालनिर्णयासमोर उभा राहतो आणि चूळ भरली की जाहीर करतो, "आज षष्ठी. मुंबईला साडेचारला भरती!" आतून काकू म्हणतात, "आन् दूध कवा आणता?"

रीत मूळची किनाऱ्यावरची. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, की भरतीची वेळ मिळते, दिवसातून दोनदा. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्या मागोमाग भरतीही सरकते, म्हणून हे पाऊणपट जमतं. अर्धापाऊण तासाचा फरक पडतोच. काका तो चंद्राच्या खात्यावर टाकतात.

"परभणीत बसून समुद्राची उठाठेव काहून?" असं कुणी म्हणायचीच ते वाट बघत असतात. "समुद्राच्या भरतीची सरकारी कोष्टकं कोण काढतं? सर्व्हे ऑफ इंडिया. कुठून? डेहराडूनहून! तिथं काय लाटा येतात व्हय? इंग्रजांनी 1879 साली भारतातल्या बंदरांची भरती सांगणारं यंत्र बनवलं, तेही लंडनात. गणिताला पाय भिजवावे लागत नाहीत, बापू."

एकदा कृषी विद्यापीठातल्या एका पोरानं त्यांना खिंडीत गाठलं. "काका, आपल्या गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी तर राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात जातं. तिकडची भरती सांगा की." आता प्रत्येक बंदराची वेळ निराळी, मुंबईचं पाऊणपट तिकडं लागू पडत नाही. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि नोकरीत हजारदा वापरलेलं उत्तर दिलं, "तो विभाग आपल्याकडं नाही."

पण शेजारचे लोक हाजी अलीला निघाले तेव्हा काकांनी त्यांना दारातच अडवलं होतं. "उद्या वद्य द्वितीया. दीड वाजता भरती, त्यात उधाणाचे दिवस; वाट पाण्याखाली जाईल. दहाच्या आत दर्शन उरका." त्यांनी ऐकलं, आणि कोरड्या पायांनी परत आले. तेव्हापासून काकांचा आवाज एक पट्टी वर चढला आहे.

घरचा नळ कधी येणार, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. समुद्राला निदान चंद्र ओढतो. नळ कोण ओढतं, याचा पंचांगात उल्लेख नाही. हंडे भरायला काकूच उठतात.

तरी मुंबईला निघताना काकांना जरूर विचारून जा. तिथी तेवढी आधी पाहून ठेवा, नाहीतर ते पंचांगापासून सुरुवात करतील आणि तुमची गाडी जाईल.