सिद्धेश्वरात एक्लिप्स मांडताना

कोड लिहायला बसण्यापूर्वी एक्लिप्सच्या सेटिंग बदलणे हे होतकरू प्रोग्रॅमरचे आद्य कर्तव्य आहे. आयबीएमने हे वर्कबेंच २००१ साली सर्वांना खुले केले. ते आले तसेच वापरणारा माणूस औंढा तालुक्यात अजून आमच्या पाहण्यात नाही. 'विंडो' मेनूत तळाशी 'प्रेफरन्सेस' आहे. तिथे जावे. परत यायची घाई करू नये.

सुरुवात रंगाने करावी. काळी थीम २०१४ पासून मिळते आणि तिच्याशिवाय पाहुण्यांवर छाप पडत नाही. काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरे दिसली की मामा लगेच विचारतात, "लायगोत लागलास का रे?" (गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा आपल्याच तालुक्यात व्हायची आहे, केंद्राने २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले, तेव्हापासून इथल्या प्रत्येक लॅपटॉपचे वजन वाढले आहे.) एप्रिलच्या दुपारी ओसरीत बसलात, तर मात्र त्या काळ्या पडद्यात कोडऐवजी स्वतःचेच तोंड दिसते. म्हणून ओसरीत पांढरी थीम, आतल्या खोलीत काळी.

आता खरे काम, 'ऑटोसेव्ह'. येलदरी धरणाचे साडेबावीस मेगावॅटचे वीजघर नदीच्या वरच्या अंगाला आहे, तरी लाइट जायची ती जातेच. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर तासाभराचे लिखाण लाइटबरोबर जाते. 'जनरल', त्यात 'एडिटर्स', त्यात 'ऑटोसेव्ह', अशी वाट आहे. ही सोय मुळात बंद असते. करणाऱ्यांच्या गावी लाइट जात नसावी. खूण करून चालू करावी. वेळ वीस सेकंद दिलेली असते, ती पाच करावी. लाइट वीस सेकंद थांबत नाही.

'ऑटोमॅटिक अपडेट्स' बंद ठेवावे. रोजचा दीड जीबी डेटा घरच्यांच्या मालिकांसाठीही असतो.

वसमतच्या अडत्याला हळदीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम करून द्यायचा असेल, तर 'टेक्स्ट फाइल एन्कोडिंग' यूटीएफ-८ करावे. विंडोजवरचे जुने एक्लिप्स 'हळद' हा शब्द सेव्ह करायलाच नकार देते. २०२२ पासून नव्या वर्कस्पेसला यूटीएफ-८ आपोआप मिळते, पण कॉलेजातून पेनड्राइव्हवर आणलेले एक्लिप्स त्याआधीचेच असते.

कोणती सेटिंग कुठे लागू होते, हा गोंधळ धरणाकाठच्या माणसाला होऊ नये. येलदरीत साठलेले पाणी सिद्धेश्वर धरणात येते, तिथून कालव्याला सुटते, पुढे चारीला. शेताला किती मिळणार, हे चारीच्या तोंडावर ठरते. इथेही अख्ख्या वर्कस्पेसची सेटिंग वर असते, पण एखाद्या प्रोजेक्टला स्वतःची दिली असेल तर तिथे तीच चालते. वर बसून बटणे फिरवली आणि खाली ढिम्म हलले नाही, तर चारीवर जाऊन पाहावे.

फॉन्टबद्दल आम्ही बोलणार नाही. त्यावरून मित्र तुटतात.

'रिस्टोअर डिफॉल्ट्स' दाबण्याचा मोह झाला, तर आधी सगळ्या सेटिंग 'एक्स्पोर्ट' करून ठेवाव्यात. तयार होणाऱ्या फाइलच्या नावाला शेवटी ईपीएफ लागते. ते वाचून वडिलांनी नोकरी पक्की झाली असे धरले, तर निदान जेवणे होईपर्यंत खुलासा करू नये.