पेरलं एक, उगवलं भलतंच

टोमॅटो महागले की मला शेती सुचते. गेल्या मे महिन्यातही सुचली. मंडईतून आणलेल्या अर्ध्या किलोत एक टोमॅटो चांगला लालबुंद आणि भरीव निघाला. तो कापला, बियांचा गर चमच्याने काढला आणि वाटीभर पाण्यात तीन दिवस आंबत ठेवला. बीभोवतीचा बुळबुळीत थर बीला रुजू देत नाही, आंबलं की तो सुटतो, हे मला ठाऊक होतं. आंबताना वास येतो, हे घरातल्यांना माझ्यामुळे ठाऊक झालं.

धुतलेल्या बिया वर्तमानपत्रावर वाळत घातल्या, तर त्या कागदाला अशा चिकटल्या की नखाने खरवडूनही निघेनात. शेवटी कागदासकट पेरल्या. पान नेमकं राशिभविष्याचं होतं. सिंहेत सहा रोपं आली, कन्येत दोन, वृश्चिकेत एकही नाही. माझी रास वृश्चिक.

ऑगस्टमध्ये टोमॅटो लागले. एका रोपाला लिंबाएवढे, दुसऱ्याला लांबट, तिसऱ्याला इतके आंबट की आमटीत चिंचेची गरज उरली नाही. मूळ लालबुंद टोमॅटोसारखा एकही नाही. कारण साधं आहे. बाजारातला टोमॅटो बहुतेक वेळा संकरित असतो. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तो एका पिढीपुरता देखणा होतो, पुढच्या पिढीत सगळे गुण पुन्हा पांगतात. कुणात आजोबाचं नाक, कुणात आजीचा तिरसटपणा. ‘पेरावं तसं उगवतं’ म्हणणाऱ्याने बी नक्कीच मंडईतून आणलेलं नव्हतं.

ह्यांनी कुंड्या, माती, कोकोपीट आणि शेणखत यांची बेरीज करून तिला टोमॅटोंच्या संख्येने भागलं. आलेला भाव मी इथे लिहीत नाही.

धन्यांनी मात्र लाज राखली. धना म्हणजे दोन बियांची जोडगोळी, म्हणून पेरण्याआधी चपलेने हलके रगडून तो फोडायचा. डब्यातले मूठभर धने रगडले, रात्रभर भिजवले, आणि दहाव्या दिवशी कुंडी हिरवी. भेंडीने साफ दगा दिला. भाजीतून वगळलेल्या दोन जरा जून भेंड्यांतल्या बिया मी पेरल्या होत्या. सासूबाई आठ दिवस गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भाजीच्या भेंडीत कसलं बी गं? लेकरूच ते.”

त्यांचं माहेर साताऱ्याकडचं. परसात काकडीचा वेल असायचा, आणि त्यावरची पहिली चांगली, सरळ, भरलेली काकडी हेरून तिला चिंधी बांधायचे. ही बियाला ठेवलीय, असं एकदा सांगितलं की घरातलं द्वाडातलं द्वाड पोरही तिला हात लावत नसे. ती पिवळी पडून पार जून होईपर्यंत वेलावर राही. मग बिया काढून, राखेत घोळून, शेणाच्या गोळ्यात थापून भिंतीला चिकटवायच्या, त्या पुढच्या पावसापर्यंत. सगळ्यात चांगलं फळ बियाला, उरलेलं आपल्याला. ऐकताना मला माझी वाटी आठवली. आमच्याकडे सगळं खाऊन झाल्यावर जे उरतं, सडतं किंवा कोंब काढतं, ते बियाला जातं. तो एक लालबुंद टोमॅटोसुद्धा, खरं सांगायचं तर, गर काढल्यावर मी कोशिंबिरीत घातलाच होता.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर बसून म्हणाल्या होत्या, “यात काय एवढं? आमच्याकडे सगळ्याच ठेवायच्या बी.” जरा वेळाने स्वतःशीच पुटपुटल्या, “आम्ही सोडलं. तिनं नाही सोडलं.”

मी ओल्या कचऱ्याचं खत करते त्या कुंडीत, कुणी न पेरता, लाल भोपळ्याचा वेल उगवला. सुरुवातीला पाणी नाही, कौतुक नाही, तरी महिन्याभरात त्याने गॅलरीचा कठडा घेतला. आधी सगळी नर फुलंच आली. सासूबाईंनी त्यांची भजी केली. मग एके सकाळी बुडाशी बोराएवढा भोपळा घेऊन मादी फूल उमललं. तिसऱ्या मजल्यावर मधमाशी क्वचितच येते, आणि फूल तर दुपारच्या आत मिटतं. सासूबाईंनी नर फूल तोडलं, पाकळ्या काढून टाकल्या आणि त्याचा पराग मादी फुलावर टेकवला, बाळाच्या गालाला तीट लावावी तसा.

भोपळा धरला. पण वेल तोवर कठड्यावरून खाली उतरला होता आणि भोपळा खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या ग्रिलमध्ये जाऊन बसला होता. मूळ आमचं, खत आमचं, फळ त्यांच्या खिडकीत. त्या रोज जिन्यात भेटल्या की “तुमचा भोपळा छान आहे हो” म्हणायच्या, आणि त्यातल्या ‘तुमचा’वरचा जोर दिवसेंदिवस कमी होत गेला.

ऋषिपंचमी आली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. शहरात आपण त्या दिवसाची ऋषीची भाजी दुप्पट भावाने विकत आणतो आणि बैल राबला नाही असं गृहीत धरतो. यंदा मात्र खात्रीचा माल घरात, म्हणजे घराच्या जरा खाली, होता. “बैल कुठला,” हे म्हणाले, “बादल्या मी वाहिल्यात.” मी सुरी घेऊन निघणार तोच बेल वाजली. दारात काकू, हातात झाकलेलं पातेलं.

“तुमच्याच भोपळ्याची ऋषीची भाजी,” त्या म्हणाल्या. “म्हटलं वर कशाला त्रास द्या, इथूनच कापला. आणि हो, बिया जपून ठेवल्यात तुमच्यासाठी.”

वर्तमानपत्राच्या पुडीत बिया होत्या, चिकटलेल्या. सासूबाईंनी एक सोडवून अंगठ्याच्या नखाने दाबली. ती पोचट, आत नुसतं पाणी.

“घाई केली बाईनं,” त्या म्हणाल्या आणि पातेल्यावरचं झाकण काढून वास घेतला. “पण नारळ बरोबर घातलाय.”