काळ्या खिडकीतला माणूस

घरातल्या लग्नाची फाईल टीव्हीवर चालेना झाली की ज्याला फोन जातो, तो हा. प्रत्येक ऑफिसात असा एक असतोच. ‘एखादं ॲप सांग ना,’ असं चुकूनही म्हणू नये. बटणं असलेल्या कुठल्याही गोष्टीचा त्याला विटाळ आहे. तो काळी खिडकी उघडतो, एफएफएमपेग नावाच्या व्हिडिओ टूलची दीड ओळ खडखडत टाइप करतो आणि एंटर मारून खुर्चीत मागे रेलतो.

‘एमकेव्हीचं एमपी४ करायचंय ना? अहो, डबा बदलायचाय फक्त. त्यासाठी भाजी परत शिजवता?’ म्हणजे कमांडमध्ये ‘-सी कॉपी’, पुन्हा एन्कोडिंग नाही. ज्या लग्नासाठी साहेबांचा लॅपटॉप रात्रभर धापा टाकत होता, ते हा काही सेकंदांत उरकतो. वर चित्राचा दर्जा जसाच्या तसा. हे मात्र खरं आहे, आणि तेच जास्त झोंबतं.

मंगलाष्टकं तेवढी कापून द्या म्हटलं, तर क्लिप भटजींच्या खोकल्यापासून सुरू होते. तक्रार केली की शांतपणे म्हणतो, ‘न शिजवता कापायचं तर कीफ्रेमवरच, म्हणजे पूर्ण साठवलेल्या चित्रावरच; ती तिथेच आहे, मी काय करू?’ खोकला काढायचा तर एन्कोडिंग पुन्हा करावं लागेल, आणि ते त्याच्या तत्त्वात बसत नाही. २००० साली हे टूल सुरू करणाऱ्या फाब्रिस बेलारचं नाव तो घराण्याच्या मूळ पुरुषासारखं घेतो. बायकोचा वाढदिवस कधी असतो, ते विचारू नका.

पण त्याचा खरा कहर म्हणजे पॅकेजिंग. मावशींनी पेनड्राइव्हवर लग्न मागितलं. याने नेटवरून तुकड्या-तुकड्यांनी दाखवायची अख्खी एचएलएस करून दिली : एक प्लेलिस्ट आणि दोन तासांच्या लग्नाचे सहा-सहा सेकंदांचे बाराशे तुकडे. मावशींनी टीव्हीवर मधलाच एक लावला. नवऱ्यामुलाने हार उचलला आणि लग्न संपलं. ‘नेट मंद असलं तरी अडकणार नाही,’ हा म्हणाला. मावशींकडे नेट नाही.

तरीही फाईल त्याच्याकडेच द्या; काम चोख होतं. फक्त प्रत आपल्याकडे ठेवा. त्याच्या प्रत्येक कमांडमध्ये ‘-वाय’ असतं : त्याच नावाची जुनी फाईल असेल, तर न विचारता तिच्यावर नवी लिहायची.