पुस्तकव्रत : विधी, नियम व निषेध

हे व्रत स्त्री-पुरुष, कायम-कंत्राटी, घरमालक-भाडेकरू अशा सर्वांना खुले आहे. कोणत्याही महिन्यात करावे. श्रावणात केल्यास उत्तम. श्रावणात बजाजनगरच्या गल्लोगल्ली कोणी ना कोणी पोथी उघडून बसलेले असतेच, त्यामुळे धडधाकट माणूस भरदिवसा पुस्तक घेऊन बसला तरी "बरं नाही का?" असे कोणी विचारत नाही. व्रताचा अवधी एक महिना. या काळात साधकाने डोळ्यांनी वाचावे, कानांनी ऐकावे आणि तोंडाने त्याविषयी बेताने बोलावे.

प्रस्तुत नियमावली एकाच साधकाच्या निरीक्षणावर आधारलेली आहे. साधकाचे नाव देण्याची आवश्यकता नाही. ते छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जातात, सुट्टीच्या दिवशी पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आढळतात, आणि मी त्यांना 'अहो' म्हणते.

संकल्प मनातल्या मनात सोडावा. पाणी सोडायला हरकत नाही, स्टेटस सोडू नये. "या महिन्यात दहा पुस्तकं" असे एकदा खात्याच्या ग्रुपवर जाहीर झाले की पुढचे सगळे वाचन पानांच्या संख्येवर चालते. औरंगपुऱ्यातल्या दुकानात साधक हातात येईल त्या पुस्तकाचे शेवटचे पान आधी उघडत होते. दुकानदाराला वाटले, गिऱ्हाइकाला शेवट आधी माहीत असायला लागतो. ह्यांना फक्त पृष्ठक्रमांक हवा होता. शेवटी त्याच्या लक्षात आले. त्याने सगळे ठोकळे मागे सरकवले आणि दीडशे पानांच्या आतले पुढे मांडले. चांगला दुकानदार असाच असतो.

आता मोजदाद. ऐकलेले पुस्तक वाचलेल्यांत धरावे काय, हा मोठा शास्त्रार्थाचा विषय आहे आणि तो आमच्याकडे जेवणाच्या ताटावर अनेकदा झाला. पूर्वपक्ष म्हणतो, पान उलटले नाही तर वाचन कसले? त्यावर उत्तरपक्ष शिवलीलामृत पुढे करतो. शके १६४० मध्ये बारामतीत श्रीधरांनी ते लिहिले, तेव्हापासून त्याचा अकरावा अध्याय असंख्य बायकांना तोंडपाठ आहे, आणि त्यांतल्या कितीतरींना अक्षरओळखही नव्हती. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी तांदूळ निवडत ऐकायचे. ऐकणारीला अर्धे पुण्य, असे कोणत्याही पोथीच्या फलश्रुतीत लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. विलायतेचा दाखला हवा असेल तर तोही आहे. इंग्लंडात १९३५ साली अंध वाचकांसाठी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलकी पुस्तके निघाली, कारण पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांपैकी अनेकांना ब्रेल जमत नव्हते. पहिल्या खेपेलाच अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. तबकडीची एक बाजू पंचवीसेक मिनिटांत संपायची. म्हणजे संशय कोणावर घ्यावा हे ठरत असतानाच उठून बाजू पालटायची. इतके कष्ट घेऊन ऐकणाऱ्याला वाचक म्हणायचे नाही, तर मग कोणाला म्हणायचे?

सबब, ऐकलेले पुस्तक पूर्ण धरावे. घोरत ऐकलेले धरू नये.

संपलेल्या पुस्तकांची नोंद कालनिर्णयवर करू नये. आमच्याकडे दुधाचा खाडा कॅलेंडरवर फुलीने दाखवतात. साधकांनी संपलेल्या पुस्तकालाही फुलीच केली. महिनाअखेर दूधवाला आणि मी कॅलेंडरसमोर उभे, आणि त्याचा हिशेब माझ्या हिशेबाला लागेना. तो म्हणे मी रोज घातलंय. कॅलेंडर म्हणे नाही. बिचाऱ्याचे तीन रतीब साहित्यात गेले होते. मी पैसे चुकते केले आणि ह्यांना एक वही आणून दिली. वहीत अजून पहिलंच पान चालू आहे.

पाळीविचार हे या ग्रंथाचे सर्वात महत्त्वाचे प्रकरण. मासिकांतून सल्ला दिलेला असतो की प्रवासात ऐका. तो पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी. बजाजचा कारखाना इथे १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या नि बाकीच्या कंपन्यांच्या कुशीत ही वसाहत वाढली. इथला माणूस गाडीला किक मारल्यापासून दहा मिनिटांत गेटवर असतो. तेवढ्यात निवेदकाचे आभारप्रदर्शनही संपत नाही. शिवाय दुचाकीवर कानात काहीही घालणे या व्रतात वर्ज्य आहे. नगर रोडला ट्रेलर मागून येतो तेव्हा तो हॉर्न वाजवून आपले काम संपले असे समजतो. तो हॉर्न ऐकू येणे ही निदान आपली बाजू झाली. पायी चालताना एका कानात चालेल, दुसरा मोकळा ठेवावा. कारखान्यात तर प्रश्नच नाही. तिथे फोन लॉकरमध्ये आणि कानात बोळे.

पहिली पाळी असेल त्या आठवड्यात छापील पुस्तक संध्याकाळी घ्यावे, चहानंतर आणि बातम्यांच्या आधी. बातम्या लागल्या की पुस्तक मिटले असे समजावे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ हाताशी असते, जाड पुस्तक तेव्हा काढावे. रात्रपाळी करून आलेल्याने छापील अक्षराच्या वाटेला जाऊ नये. चार ओळींत डोळा लागतो आणि पुस्तक नाकावर येते. ठोकळा असेल तर लागते. त्या आठवड्यात फक्त ऐकावे, तेही झोप झाल्यावर.

या हिशेबाने ऐकायला तास उरतात किती? घरातल्या साधकाला फारसे उरले नाहीत. मग ते तास सापडले कुठे, तर मेथीच्या जुडीत, गवारीच्या शेंगांत, कणीक मळण्यात, गिरणीपुढच्या रांगेत आणि टाकी भरेपर्यंत मोटारीपाशी उभे राहण्यात. म्हणजे माझ्याकडे. मी संकल्प वगैरे काही सोडला नव्हता.

झालं असं की साधकांचे हेडफोन. एक सदैव चार्जिंगला, दुसरा दिवाणाखाली. म्हणून फोन आला ओट्याजवळच्या फळीवर, पूर्ण आवाजात. आधी मला तो निवेदक नकोसा झाला. घरात आधीच मिक्सर, कुकर, बाहेर कुठल्या तरी मंडपात सप्ताहाचा कर्णा, आणि त्यात हा परका पुरुष गंभीर आवाजात यमुनेच्या पाण्याविषयी बोलतोय. विश्वास पाटलांचे 'पानिपत' चालू होते. ऐन लढाईत कुकरची तिसरी शिट्टी झाली की मला गॅस बंद करावा की उपास मोडून तुटून पडलेल्या सैन्याचं पुढं काय झालं ते ऐकावं, कळेना. भात दोनदा लागला. दिवाणावरून "काय जळतंय?" अशी विचारणा झाली, म्हणजे साधकांना जाग होती म्हणायची.

येथून पुढील नियम त्या अनुभवातून निघाला असून तो कडक आहे. सामायिक पुस्तक एकट्याने पुढे ऐकू नये. साधक एका संध्याकाळी वसाहतीतल्या मोहटादेवीच्या मंदिरापर्यंत चक्कर मारून आले, तेवढ्यात दोन प्रकरणे पुढे गेले, आणि चप्पल काढता काढता सांगून मोकळे झाले की विश्वासराव पडले. हा तर इतिहासच आहे, शाळेत शिकलेलं असतं, हा बचाव ग्राह्य धरू नये. शाळेत ते एका ओळीत पडले होते. इथे मी त्यांच्याबरोबर उत्तरेत गेले होते, इतके दिवस, कांदा चिरत.

निद्रेविषयी थोडक्यात. बहुतेक ॲपमध्ये झोपेचा टायमर असतो. पंधरा मिनिटांवर लावावा. न लावल्यास काय होते, ते शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने दाखवले. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण पाळीपाळीने स्वतःची गोष्ट सांगतात. कर्ण बोलत असताना डोळा लागला, दुर्योधन बोलत असताना उघडला, तर माणूस बराच वेळ एकाचे बोलणे दुसऱ्याच्या नावावर ऐकत राहतो. साधक दोन दिवस कर्णाचे स्वभावदोष सांगत होते.

वेग. दीडपट वेगाने ऐकावे की नाही, हे पुस्तकावर आणि वाचणाऱ्यावर ठरवावे. माहितीपर पुस्तक सव्वापटीने सहज चालते. काही निवेदक इतके सावकाश बोलतात की सव्वापट हाच त्यांचा खरा वेग वाटतो. विनोदी कथा वेग वाढवून ऐकू नये, कारण हसायची जागा निघून जाते. 'श्यामची आई' दुप्पट वेगाने लावणे हा अपराध समजावा. साने गुरुजींनी ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहून काढले, हे खरे. पण लिहिणारा घाईत होता म्हणून ऐकणाऱ्याने घाई करायचे कारण नाही. दुप्पट वेगात आई रागावली की काळजीने बोलली, काही कळत नाही, आणि रडू यायच्या आत प्रकरण संपते. मग डोळ्यांत आलेल्या पाण्याचं काय करायचं? ते पुढच्या प्रकरणातल्या विनोदाला वापरता येत नाही.

पुस्तके आणावीत कुठून? मराठी पुस्तके फोनवर ऐकण्याची सोय वाढली ती २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आल्यानंतर. पण पैसे मोजण्याआधी फुकट काय मिळते ते पाहावे. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क खुले होतात, म्हणून साने गुरुजींसारख्यांची पुस्तके बऱ्याच ठिकाणी विनामूल्य ऐकायला मिळतात. वाचणारे हौशी असतात, काहींच्या मागे कुत्रे भुंकते. कोणतेही पुस्तक घ्यायच्या आधी नमुना पाच मिनिटे ऐकावा. कथा सुरू व्हायच्या आधीच ज्याचा गळा दाटून येतो त्या निवेदकाला नमस्कार करून पुढे जावे. पुस्तक घरच्या वायफायवर उतरवून ठेवावे, नाहीतर गिरणीच्या रांगेत नायक अर्ध्या वाक्यात गोल फिरत राहतो.

कानाला काय चालते याचा माझा एक ठोकताळा आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव कथाकथन करायचे. समोर माणसे बसवून ज्यांनी गोष्ट सांगितली त्यांचे वाक्य कानात बरोबर बसते, लांबले तरी दम लागत नाही. ज्यात तक्ते, वंशावळी आणि तळटीपा आहेत ते डोळ्यांसाठी ठेवावे. फार पात्रांची कादंबरी असेल तर नावे एका कागदावर लिहून फ्रिजला लावावीत. आमच्या फ्रिजवर पेशव्यांच्या सरदारांची यादी अजून आहे, तिच्याखाली गॅस बुकिंगचा नंबर.

आणि जे पुस्तक ऐकण्याजोगे आहे पण फोनवर हाताशी नाही, ते घरातल्या एकाने मोठ्याने वाचावे. हा नियम साधकाला मान्य नव्हता. लहान मुलं आहोत का, म्हणाले. मी रा. रं. बोराड्यांचे 'पाचोळा' काढले. बोराडे मराठवाड्याचेच, लातूरकडचे. माझ्या माहेरी वैजापूरला प्राचार्य होते, पुढे शहरात देवगिरी महाविद्यालयात. २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. १९७१ चं हे पुस्तक. गावातल्या गंगाराम शिंप्याचं घर कसं मोडत जातं ते त्याची बायको पार्वती सांगते, तिच्याच बोलीत. मी वाचायला लागले तर दिवाणावरून आवाज आला, असं नाही, असं म्हणायचं. पुन्हा वाचलं, पुन्हा दुरुस्ती. मग पुस्तक ह्यांनी घेतलं. ह्यांचं गावही तिकडचंच, औशाकडं. कारखान्यात इतकी वर्षं सुपरवायझरची मराठी बोलणारा हा माणूस, दुसऱ्या पानापासून सासूबाईंच्या आवाजात बोलायला लागला. तोच हेल, तेच वाक्य मध्येच सोडून देणं. मी मेथी बाजूला ठेवली.

त्या पुस्तकाची फुली वहीत नाही. कोणी वाचलं नि कोणी ऐकलं, कोणाच्या नावावर धरायचं, ते ठरलं नाही.

उद्यापनाला पुरणपोळी असावी. ती कोणी करावी याबद्दल या नियमावलीत काहीही लिहिलेले नाही, तरी साधकांनी ते परस्पर गृहीत धरले. पुरण शिजायला वेळ लागतो, वाटायला लागतो, लाटायला तर विचारू नका. एवढ्यात एक मध्यम कादंबरी होते. मी नवीन लावली आणि दार ओढून घेतलं. बाहेरून दोनदा विचारणा झाली की कोणती चालू आहे. व्रत संपल्यावर साधकाने स्वतःची कादंबरी स्वतः शोधावी, आणि दिवाणाखालचा हेडफोन काढताना झाडू बरोबर न्यावा.