हात आवरा : नवशिक्यांसाठी पिकलबॉलची पहिली पुस्तिका

अभिनंदन! तुम्ही पॅडल घेतलंत. बहुधा दुकानातलं सगळ्यात महागडं, कारण दुकानदार ‘कार्बन फायबर’ म्हणाला आणि तुम्ही जाणकारासारखी मान डोलावलीत. आता सोसायटीच्या कोर्टावर उतरण्याआधी ही पुस्तिका वाचा. ज्यांना आपल्या मनगटातल्या ताकदीचा अभिमान आहे, त्यांच्यासाठीच ती लिहिली आहे. हा अभिमान चौथ्या पायरीपर्यंत टिकतो.

थोडा इतिहास

(वगळला तरी चालेल, पण हरल्यावर विषय बदलायला उपयोगी पडतो.)

१९६५ साली अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांच्या घरची मंडळी सुट्टीत कंटाळून बसली होती. दारात जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं, पण शटल सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी घेतल्या, भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला आणि पुढे नेटही खाली आणलं. नियम बसवायला शेजारचे बार्नी मॅकॅलम आले. भारतात हा खेळ सुनील वालावलकर यांनी आणला आणि २००८ साली मुंबईत ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली. त्यामुळे ‘हे परदेशी खूळ आहे, आपल्याला नाही जमायचं’ ही सबब मराठी माणसाला मिळत नाही.

पायरी १ : पकड

पॅडल हातात घ्या आणि बोटांची पेरं पांढरी पडली आहेत का ते पाहा. पकडीच्या जोराला दहापैकी तीन-चार गुण पुरेत. नवशिक्या अकरा देतो. आवळून धरलेल्या पॅडलवरून चेंडू उसळतो, सैल पकडीत त्याचा वेग मरतो. पॅडल पळून जाणार नाही. पैसे भरलेत.

पायरी २ : सर्व्ह

हात खालून वर न्यायचा, चेंडू कमरेखाली मारायचा, पॅडलचं डोकं मनगटाच्या वर जाऊ द्यायचं नाही. चेंडू तिरक्या समोरच्या चौकटीत पडला पाहिजे. नेटलगतच्या पट्ट्याच्या, म्हणजे किचनच्या, रेषेला शिवला तरी सर्व्ह फुकट. टेनिससारखी दुसरी संधी नाही. तेव्हा जोर दाखवण्याचा विचार सोडा आणि चेंडू बेसलाइनजवळ खोल पडेल एवढंच बघा.

त्याआधी स्कोअर मोठ्याने सांगायचा असतो. डबल्समध्ये आकडे तीन : आपले गुण, त्यांचे गुण, आणि सर्व्ह करणारा पहिला की दुसरा. सामना ‘शून्य-शून्य-दोन’ने सुरू होतो, कारण सुरुवातीच्या जोडीला एकालाच सर्व्ह मिळते. हे ‘दोन’ नीट समजेपर्यंत तुमची सर्व्ह नेटमध्ये गेलेली असेल.

पायरी ३ : परतीचा फटका

आलेल्या सर्व्हचा एक टप्पा पडू द्यायचा. तुम्ही परतवलेल्या चेंडूचा समोरच्यांनीही पडू द्यायचा. म्हणजे नियमाने त्यांना मागे अडकवून ठेवलं आहे. याचा फायदा घ्या : चेंडू उंच, खोल, सावकाश परतवा आणि तो हवेत असतानाच नेटकडे चालू लागा. नवशिक्या इथे फटका मारतो आणि जागच्या जागी उभा राहून त्याचं कौतुक बघतो.

पायरी ४ : तिसरा फटका

आता तुम्ही सर्व्ह केली आहे. समोरचे दोघे नेटजवळ येऊन उभे आहेत, तुम्ही मागे. चेंडू छान टप्पा घेऊन येतो आणि आतून एकच आवाज येतो : हाण! हाणा. चेंडू नेटवरून हातभर उंच जाईल आणि समोरच्या निवृत्त बँकवाल्या काकू पॅडल जेमतेम हलवून तो तुमच्या बुटांवर आणून टाकतील. हा प्रयोग हवा तेवढ्या वेळा करून पाहा. निकाल तोच येतो.

समाधान झालं की ड्रॉप शिका. गुडघे वाकवा, मनगट गप्प ठेवा, हात खांद्यातून हलू द्या. चेंडूने सगळ्यात जास्त उंची नेटच्या अलीकडे गाठावी, नेट ओलांडताना तो उतरणीला लागलेला असावा आणि त्यांच्या किचनमध्ये पडावा. मग काकूंना तो खालून वर उचलावाच लागतो, आणि तेवढ्या वेळात तुम्ही पुढे सरकता.

पायरी ५ : किचन

नेटच्या दोन्ही अंगांना सात-सात फुटांचा पट्टा. त्यात उभं राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीचा फटका, मारायची नाही. नवशिके यावरून आत पाऊलच टाकत नाहीत. पण टप्पा पडलेल्या चेंडूसाठी खुशाल जावं. खरा धोका बाहेरून व्हॉली मारण्यात आहे. त्या झोकात तोल जाऊन आत गेलात तर फॉल्ट, रेषेला बूट लागला तर फॉल्ट, डोक्यावरची टोपी आत पडली तरी फॉल्ट. चेंडू तोवर मेलेला असला तरी सुटका नाही. म्हणून व्हॉलीला हात मागे नेऊ नका; पॅडल छातीपुढे धरा आणि छोटासा ठोसा द्या.

पायरी ६ : डिंक

त्यांच्या किचनमधून तुमच्या, तुमच्यातून त्यांच्या, असा हा हळुवार व्यवहार चालतो. तिरका मारा : नेट कडेला ३६ इंच, मध्ये ३४ इंच, आणि तिरक्या वाटेला जागाही जास्त. थोड्याच वेळात कंटाळा येईल. येऊ द्या. जो आधी कंटाळतो तो जोरात मारतो, जोरात मारतो त्याचा चेंडू उंच जातो, आणि उंच चेंडूचं काय होतं ते काकूंनी चौथ्या पायरीत दाखवलं आहेच.

पायरी ७ : न मारायचे फटके

खांद्याच्या उंचीवर वेगाने येणारा चेंडू बहुतेक वेळा बाहेरच चाललेला असतो. त्याला जाऊ द्या. अडवून त्याचा उद्धार करू नका. डोक्यावरून लॉब गेला तर उलट्या पावली धावू नका. वळा आणि मग धावा, नाहीतर ‘छान!’ म्हणून सोडून द्या. गुण पुन्हा मिळतो, मनगटाचं हाड जुळायला वेळ लागतो.

पायरी ८ : मधला चेंडू

दोघांच्या मधून येणारा चेंडू सहसा ज्याचा फोरहँड मध्ये आहे त्याने घ्यावा, आणि ‘माझा!’ असं ओरडून घ्यावा. आपल्याकडे मात्र ‘घ्या, तुम्ही घ्या’ची सवय असल्याने तो चेंडू ताटातल्या शेवटच्या बटाटेवड्यासारखा दोघांच्या देखत तसाच राहतो.

शेवटचा फटका : सल्ला

हा एकच फटका सगळ्यांना पहिल्या दिवसापासून येतो. गुण गेला की पार्टनरकडे वळायचं, पॅडलने हवेत अ‍ॅक्शन करून दाखवायची आणि ‘जरा सैल धरा’ म्हणायचं. तंत्र अगदी बरोबर असतं. पण वरच्या आठही पायऱ्यांवर जे हाताला सांगितलं, तेच इथे जिभेला लागू आहे. कारण या फटक्याने गुण जात नाही, पार्टनर जातो.